पट घटतो, बिल घटत नाही

अमेरिकेतल्या चार्टर शाळांची बाजू मांडणाऱ्यांकडे एक उत्तर कायम तयार असतं. पैसा मुलाचा आहे, शाळेचा नव्हे. मूल जाईल तिकडे त्याचा पैसा जावा. हे ऐकायला इतकं रास्त वाटतं की त्याला हरकत घेणारा आपोआप हेकट ठरतो. मूल गेलं, त्याच्यावरचा खर्चही गेला, मग सरकारी शाळेचं बिघडलं काय? या युक्तिवादाचं कूळ अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांच्या १९५५ सालच्या निबंधापर्यंत पोचतं. आपल्याकडेही शिक्षणातल्या व्हाउचरचा विषय निघाला की हाच युक्तिवाद पुढे येतो आणि दाखला म्हणून बोट अमेरिकेकडे केलं जातं. तर मग अमेरिकेकडेच नीट पाहू. तिथल्या तीस-बत्तीस वर्षांच्या जमाखर्चाच्या वह्या उघड्या आहेत, आणि त्या या युक्तिवादाला साथ देत नाहीत.

आधी थोडी ओळख. चार्टर शाळा सरकारी पैशावर चालते, फी घेत नाही, पण स्थानिक शिक्षण मंडळाच्या रोजच्या कारभाराबाहेर असते. पहिला कायदा मिनेसोटाने १९९१ साली केला, पहिली शाळा १९९२ साली सेंट पॉल शहरात उघडली. आज ३७ लाखांहून जास्त मुलं अशा शाळांत आहेत. गंमत अशी की ही कल्पना १९८८ साली उचलून धरली ती अल्बर्ट शँकर यांनी, म्हणजे एका मोठ्या शिक्षक संघटनेच्या अध्यक्षांनी. शिक्षकांनी स्वतः चालवलेले छोटे प्रयोग त्यांच्या मनात होते. पुढे त्या प्रयोगांचा झालेला धंदा पाहून तेच तिचे टीकाकार झाले. दुसऱ्या बाजूला आहे स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था. त्याला बहुतेक ठिकाणी स्वतःचं निवडून आलेलं मंडळ असतं, स्थानिक मालमत्ता कराचं उत्पन्न असतं आणि हद्दीतलं एकही मूल नाकारायची मुभा नसते. या शेवटच्या गोष्टीकडे चार्टरवाद्यांचं सोयीस्कर दुर्लक्ष होतं. सगळा घोळ तिथेच आहे.

हिशेब साध्या आकड्यांत मांडू. एक शाळा कल्पा. बालवर्गापासून पाचवीपर्यंत सहा इयत्ता, प्रत्येकीच्या चार तुकड्या, एकूण ५२० मुलं. जवळ चार्टर शाळा निघते आणि ५२ मुलं तिकडे जातात. दरडोई १२,००० डॉलर धरले तर ६ लाख २४ हजार डॉलर गेले. ही ५२ मुलं एखादी अख्खी तुकडी उचलून गेली असती तर प्रश्न सोपा होता. तशी ती जात नाहीत. या वर्गातून दोन, त्या वर्गातून तीन अशी जातात. तुकडीत २२ होती, आता १९-२० उरली. वर्गशिक्षक तेवढेच लागतात. पिवळी बस त्याच रस्त्याने जाते, चार सीट रिकाम्या राहतात. ड्रायव्हरचा पगार आणि डिझेल तेवढंच. इमारत तापवायला बॉयलर तेवढाच जळतो. नर्स एकच होती, ती अर्धी करता येत नाही. वाचतात ती थोडी पुस्तकं, थोडे कागद, कॅन्टीनमधली काही ताटं.

आता चतुर वाचक म्हणेल, चार तुकड्यांच्या तीन करा की. करता येतात. प्रत्येक इयत्तेची एक याप्रमाणे सहा शिक्षकांना घरी पाठवलं तर जमाखर्च जवळपास जुळतोही. पण मग वर्गात मुलं होतात २६. म्हणजे ज्या ५२ मुलांनी शाळा सोडली त्यांचं बिल उरलेल्या ४६८ मुलांनी दाटीने बसून चुकतं केलं. पैसा मुलामागे गेला हे खरं. तो जाताना शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या खिशातूनही थोडा गेला. या दुसऱ्या मुलाच्या आईवडिलांना कुणी विचारलं होतं?

यावर पुढचं उत्तर येतं ते असं की शाळा ओस पडत असेल तर बंद करा, धंद्यात काय करतात? फिलाडेल्फियाने ते करून पाहिलं. २०१३ साली तिथे एका फटक्यात २३ शाळा बंद करायचं ठरलं आणि त्याच उन्हाळ्यात सुमारे ३,८०० कर्मचाऱ्यांना कामावरून कमी केल्याच्या नोटिसा गेल्या. त्यात सल्लागार होते, ग्रंथपाल होते, जेवणाच्या वेळी मुलांवर लक्ष ठेवणारे मदतनीस होते. बंद शाळेची इमारत रातोरात विकली जात नाही. ती बांधायला काढलेल्या कर्जरोख्यांचे हप्ते वीस-वीस वर्षं चालतात. निवृत्त शिक्षकांची पेन्शन पट पाहून ठरत नाही. आणि शाळा बंद केली की शेजारच्या वस्तीतली मुलं दोन चौक ओलांडून दुसऱ्या शाळेत जातात, निदान जावीत अशी अपेक्षा असते. त्यातली आणखी काही चार्टरकडे वळतात आणि चक्र पुन्हा फिरतं. दुकान बंद केलं की गिऱ्हाइकाशी संबंध संपतो. डिस्ट्रिक्टचा संपत नाही, कारण उद्या ते मूल परत आलं तर त्याच्यासाठी बाक, शिक्षक आणि बस तयार ठेवायची कायदेशीर जबाबदारी त्याच्याच डोक्यावर आहे.

ही जबाबदारी कागदावरची नाही. ओहायो राज्यात 'इकॉट' नावाची प्रचंड मोठी ऑनलाइन चार्टर शाळा होती. मुलं खरोखर किती वेळ शिकतात याचा पुरावा राज्याने मागितला, तो देता आला नाही, सुमारे ८ कोटी डॉलर परत करायचा आदेश निघाला आणि जानेवारी २०१८ मध्ये, शैक्षणिक वर्षाच्या ऐन मध्यावर, शाळा बंद पडली. जवळपास १२,००० मुलं एका आठवड्यात शाळेविना झाली. त्यातल्या अनेकांना दार कुणी उघडलं? त्यांच्या त्यांच्या गावच्या डिस्ट्रिक्टने, ज्याच्या अनुदानातून कापलेले पैसे इतकी वर्षं इकॉटला जात होते.

हे सगळं शिक्षक संघटनांचं रडगाणं आहे, असा आक्षेप हमखास येतो. अभ्यासक गॉर्डन लेफर यांनी २०१८ साली कॅलिफोर्नियातल्या तीन डिस्ट्रिक्टचा हिशेब मांडला, तेव्हा तो आलाच. लेफर यांचा आकडा असा होता: चार्टरमुळे ओकलंडला वर्षाला ५ कोटी ७३ लाख डॉलरची निव्वळ खोट, सॅन डिएगोला ६ कोटी ५९ लाखांची. ओकलंडमध्ये सरकारी शाळेत उरलेल्या प्रत्येक मुलामागे ती सुमारे १,५०० डॉलर पडत होती. लेफर कामगार चळवळीच्या जवळचे आहेत, मान्य. त्यांना बाजूला ठेवू. ड्यूक विद्यापीठाच्या हेलन लॅड आणि त्यांचे सहकारी जॉन सिंगलटन यांनी नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमचा अभ्यास केला. तिथे हा भार सरकारी शाळेतल्या मुलामागे ५०० ते ७०० डॉलर निघाला. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी आणि बफेलोबद्दल रॉबर्ट बिफुल्को आणि रँडल रीबॅक या अर्थशास्त्रज्ञांनी २०१४ साली तोच निष्कर्ष काढला. आकडे गावागणिक वेगळे, दिशा एकच. आणि विद्यापीठांवरही भरवसा नसेल तर मूडीज आहे. कर्जरोख्यांचं पतमानांकन करणाऱ्या या कंपनीने २०१३ साली स्पष्ट लिहिलं की आर्थिकदृष्ट्या दुबळ्या शहरांत चार्टरची वाढ ही डिस्ट्रिक्टच्या पतमानांकनाला मोठा धोका आहे. मूडीजवर आजवर बरेच आरोप झाले असतील, शिक्षक संघटनेची दलाली केल्याचा आरोप मात्र कुणी केलेला नाही.

इतकं सगळं झालं तरी हा मामला जास्तीत जास्त अव्यवहार्य ठरला असता. तो अन्यायाचा कसा होतो हे पाहायला पेनसिल्व्हेनियात जावं लागतं. तिथला चार्टर कायदा १९९७ चा. मूल चार्टरमध्ये गेलं की त्याच्या डिस्ट्रिक्टने ठरावीक दराने शिक्षणशुल्क भरायचं. दर ठरतो तो डिस्ट्रिक्ट स्वतः आधीच्या वर्षी दर मुलामागे किती खर्च करत होता त्यावरून. चार्टरला प्रत्यक्ष किती खर्च येतो हा प्रश्न या सूत्रात कुठेही विचारलेला नाही. राज्यात ५०० डिस्ट्रिक्ट आहेत, म्हणजे एकाच ऑनलाइन शाळेत, एकाच शिक्षकाकडून, एकाच पडद्यावर एकच धडा शिकणाऱ्या दोन मुलांसाठी दोन गावं वेगवेगळी रक्कम भरतात, आणि त्यात दुपटी-तिपटीचा फरक पडू शकतो. त्या ऑनलाइन शाळेला ना बस, ना बॉयलर, ना कॅन्टीन, ना मैदान. तरी दर वर्षानुवर्षं तोच होता, चार भिंतींच्या शाळेचा.

मग हे पैसे जातात कुठे? राज्याचे महालेखापरीक्षक टिमोथी डीफोर यांनी २०२५ च्या फेब्रुवारीत पाच सायबर, म्हणजे ऑनलाइन, चार्टर शाळांचा अहवाल दिला. २०२० ते २०२३ या काळात त्यांची शिल्लक २५ कोटी ४० लाख डॉलरवरून ६१ कोटी ९० लाखांवर गेली होती. त्यातल्या एका शाळेने इमारती विकत घेण्यावर आणि सजवण्यावर १९ कोटी ६० लाख डॉलर घातले होते. ऑनलाइन शाळेने. हे सगळं कायद्यात बसतं, असंही डीफोर यांनी म्हटलं आणि कायदा बदला असं सुचवलं. डीफोर रिपब्लिकन पक्षाचे आहेत, हे मुद्दाम सांगतो, कारण इथेही कुणीतरी संघटनेचा हात शोधेल. जिथे कायदा मोडला गेला तो प्रकार निराळाच: पेनसिल्व्हेनियाच्या एका मोठ्या सायबर चार्टरचे संस्थापक निकोलस ट्रॉम्बेटा यांनी शाळेच्या पैशांच्या प्रकरणात करचुकवेगिरीच्या कटाचा गुन्हा कबूल केला आणि २०१८ साली त्यांना २० महिन्यांची शिक्षा झाली. पण मला त्या प्रकरणात फारसा रस नाही. चोर सगळीकडे असतात, सरकारी शाळांतही. कायदा पाळूनच इतकं साचत असेल तर दोष चोराचा नाही.

या सूत्राचा सर्वांत वाईट भाग विशेष गरजा असलेल्या मुलांबद्दलचा आहे. तो किचकट असल्याने वादविवादात कुणी काढत नाही, म्हणून इथे थोडं थांबू. डिस्ट्रिक्टमध्ये १,००० मुलं आहेत आणि त्यातल्या २४० जणांना विशेष शिक्षण लागतं असं धरा. त्यावर वर्षाचा खर्च २४ लाख डॉलर. दर मुलामागे पडले १०,०००. पण चार भिंतींच्या चार्टरच्या बाबतीत कायदा २४० ने भागू देत नाही. तो गृहीत धरतो की कुठल्याही डिस्ट्रिक्टमध्ये अशी मुलं १६ टक्केच असतात. म्हणून २४ लाखांना १६० ने भागायचं, आणि चार्टरला द्यायचा दर झाला १५,०००. गरीब डिस्ट्रिक्टमध्ये अशी मुलं १६ टक्क्यांहून जास्त असतात, त्यामुळे गावात अडचण जितकी जास्त तितका दर फुगतो. त्यावर दुसरी मेख. डिस्ट्रिक्टच्या खर्चात दिवसभर स्वतंत्र परिचारिका लागणारं मूलही असतं आणि आठवड्यातून अर्धा तास उच्चारांचा सराव लागणारंही. सरासरी दोघांची मिळून निघते. चार्टरकडे जास्त करून दुसऱ्या प्रकारची मुलं जातात, पैसा मात्र सरासरीचा जातो. पहिल्या प्रकारचं मूल डिस्ट्रिक्टकडेच राहतं आणि पुढच्या वर्षी सरासरी आणखी वर ढकलतं.

फिलाडेल्फियाजवळच्या चेस्टर अपलँड डिस्ट्रिक्टमध्ये हे सूत्र टोकाला गेलं. जुनं कारखान्यांचं गाव, कारखाने गेलेले, मालमत्ता कराचं उत्पन्न आटलेलं. निम्म्याहून जास्त मुलं चार्टरमध्ये. २०१२ च्या जानेवारीत डिस्ट्रिक्टची तिजोरी रिकामी झाली आणि शिक्षकांनी पगाराविना शिकवायचं ठरवलं. त्यांच्यातल्या एका शिक्षिकेला अध्यक्ष ओबामा यांच्या त्या वर्षीच्या 'स्टेट ऑफ द युनियन' भाषणाला पाहुणी म्हणून बोलावलं गेलं, टाळ्या पडल्या. २०१५ च्या ऑगस्टमध्ये त्याच डिस्ट्रिक्टच्या शिक्षकांवर बिनपगारी काम करण्याचा ठराव करायची पुन्हा वेळ आली. त्या वर्षी विशेष गरजांच्या एका मुलामागे चेस्टर अपलँड चार्टरला सुमारे ४०,००० डॉलर देत होतं. चार्टरना द्यायची एकूण रक्कम राज्याकडून मिळणाऱ्या अनुदानापेक्षा जास्त झाली होती. गव्हर्नर टॉम वूल्फ यांनी हा दर १६,००० वर आणण्यासाठी न्यायालयात अर्ज केला. न्यायालयाने आधी तो फेटाळला, मग वाटाघाटींत तो २७,००० च्या आसपास ठरला. म्हणजे अशा दर मुलामागे सुमारे १३,००० डॉलर कमी घेऊनही भागतं, हे चार्टरनीच मान्य केल्यासारखं झालं. आता इथे कुणीतरी मला सांगावं की यात मुलाचा पैसा कुठला आणि मूल कुठलं.

आणखी दोन बारीक कलमं. चार्टरमध्ये गेलेल्या मुलाला बसने नेऊन सोडायची जबाबदारी पेनसिल्व्हेनियात मूळ डिस्ट्रिक्टचीच आहे, हद्दीबाहेर दहा मैलांपर्यंत. म्हणजे मुलामागे पैसा गेला आणि मूल डिस्ट्रिक्टच्या गाडीतून गेलं. दुसरं त्याहून मजेशीर. आजवर घरीच शिकणारं किंवा खासगी शाळेत फी भरून जाणारं मूल सायबर चार्टरमध्ये दाखल झालं की त्याचंही शुल्क डिस्ट्रिक्टनेच भरायचं. हे मूल डिस्ट्रिक्टच्या पटावर कधी नव्हतंच. त्याच्या जाण्याने एक पेन्सिलही वाचलेली नाही. मूल गेलं म्हणून खर्च गेला, या युक्तिवादाची इथे काय वाट लागते? आणि डिस्ट्रिक्टने बिल थकवलं तर चार्टरने राज्याकडे जायचं, राज्य ती रक्कम डिस्ट्रिक्टच्या अनुदानातून परस्पर वळती करतं. वाद असेल तर तो नंतर, पैसे आधी.

विरोधकांच्या भात्यात चांगले बाणही आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. पहिला असा की अमेरिकेतल्या अनेक शहरांत चार्टरला दर मुलामागे डिस्ट्रिक्टपेक्षा कमी पैसे मिळतात. आर्कान्सा विद्यापीठातल्या संशोधकांनी हा फरक सुमारे ३० टक्क्यांपर्यंत दाखवला आहे. मग डिस्ट्रिक्टला उलट फायदाच नाही का? नाही. डिस्ट्रिक्टच्या रकमेत जुनी कर्जं आहेत, पेन्शनची थकबाकी आहे, गंभीर अपंगत्व असलेली मुलं आहेत, आणि पेनसिल्व्हेनियासारख्या ठिकाणी चार्टरच्याच मुलांची बस आहे. ज्याच्या डोक्यावर ही ओझी नाहीत त्याला कमी पैसे मिळाले तर तो भेदभाव ठरत नाही. पूर्वी रटगर्स विद्यापीठात असलेले ब्रूस बेकर ही गोष्ट कंटाळा येईपर्यंत सांगत आले आहेत.

दुसरा बाण जास्त धारदार. बॉस्टनच्या चार्टर शाळांत गरीब, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं खरोखर चांगली शिकतात. सोडतीत नंबर लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांची तुलना करून अर्थतज्ज्ञांनी ते दाखवलं आहे, आणि ती पद्धत चोख आहे. स्टॅनफर्डच्या 'क्रेडो' केंद्राच्या २०२३ च्या देशव्यापी अहवालातही चार्टरची मुलं वाचनात सरासरी १६ दिवसांच्या शिकण्याइतकी पुढे निघाली. (त्याच अहवालात ऑनलाइन चार्टरची मुलं गणितात १२४ दिवस मागे होती, पण ते पान सहसा उलटलं जात नाही.) त्याहून महत्त्वाचं म्हणजे, मॅसॅच्युसेट्समध्ये चार्टर वाढल्यावर डिस्ट्रिक्टचा दरडोई खर्च घटला नाही, वाढला, आणि उरलेल्या मुलांचं शिकणंही बिघडलं नाही, असं मॅथ्यू रिडली आणि कामीय तेरिए यांच्या अभ्यासात दिसतं. चार्टरवादी हा अभ्यास हमखास पुढे करतात. मीही करतो, कारण त्यातली खुबी ते सांगत नाहीत. मॅसॅच्युसेट्समध्ये मूल चार्टरला गेलं की डिस्ट्रिक्टला राज्य भरपाई देतं. त्या काळी पहिल्या वर्षी पूर्ण रक्कम आणि पुढची पाच वर्षं २५ टक्के, असा कायदा होता. राज्य ती पुष्कळदा अर्धवट देई, हा भाग वेगळा. तरी डिस्ट्रिक्टला श्वास घ्यायला वेळ मिळाला, तुकड्या आणि इमारती हळूहळू जुळवता आल्या. म्हणजे पैसा मुलामागे पाठवूनही जिथे नुकसान झालं नाही, तिथे राज्याने काही काळ तोच पैसा दोनदा भरला होता. पैसा मुलामागे नेल्याने नुकसान होत नाही, हे या अभ्यासातून सिद्ध होत नाही. नुकसान होतं आणि ते कुणीतरी भरावं लागतं, एवढंच सिद्ध होतं.

आणि तिसरं, डिस्ट्रिक्ट स्वतःच गलथान असतात. असतात. ओकलंडला २००३ सालीच राज्याकडून १० कोटी डॉलरच्या कर्जाची मंजुरी घेऊन कारभार राज्याच्या हाती द्यावा लागला होता, आणि त्याचं खापर चार्टरवर फोडता येणार नाही. चेस्टरच्या कारभाऱ्यांनाही कुणी आदर्श म्हणणार नाही. पण गलथानपणावर उपाय म्हणून पट कमी करणं ही अजब शिक्षा आहे. ती मंडळाच्या सभासदांना बसत नाही, अधीक्षकाला बसत नाही. तिसरीतल्या मुलाला बसते, ज्याच्या शाळेतलं ग्रंथालय त्या वर्षी कुलूपबंद होतं.

पालकांना मी दोष देत नाही. आपल्या मुलासाठी बरी शाळा शोधणं हा गुन्हा नाही. न्यू जर्सीत किंवा पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या आपल्या मराठी घरांत घर घेताना पहिला प्रश्न 'स्कूल डिस्ट्रिक्ट कुठला' हाच असतो, आणि चांगल्या डिस्ट्रिक्टसाठी लाख-दीड लाख डॉलर जास्त मोजायची तयारी असते. तीही शाळेची निवडच, फक्त श्रीमंतांच्या आवाक्यातली. चेस्टरमधल्या आईला ती निवड मिळत नाही म्हणून ती चार्टरच्या रांगेत उभी राहते. तिच्या निवडीचं मोल तिच्याच शेजारणीच्या मुलाकडून वसूल करायची व्यवस्था ज्यांनी रचली, माझं भांडण त्यांच्याशी आहे.

आपल्याकडच्या वाचकाला यातलं काही परकं वाटायचं कारण नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत काम केलेल्या कुणालाही पट या गोष्टीची दहशत ठाऊक असते. पट घसरला की संचमान्यतेत पद उडतं, शिक्षक अतिरिक्त ठरतो, समायोजनाच्या यादीत जातो आणि उरलेले दोघे चार-चार वर्ग एकत्र सांभाळतात. गावातून इंग्रजी माध्यमाची व्हॅन दहा मुलं घेऊन गेली, तर शाळेच्या खोल्या आणि इयत्ता तेवढ्याच राहतात, माणूस मात्र कमी होतो. फरक आहे, तो मान्य करायला हवा: शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांतल्या २५ टक्के जागांची प्रतिपूर्ती राज्याने करायची असते, ती थेट शेजारच्या जिल्हा परिषद शाळेच्या खात्यातून जात नाही. तरी फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारने नियम बदलून सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या विनाअनुदानित शाळांना या २५ टक्क्यांतून सूट दिली आणि जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. न्यायालयाचा निकाल मला योग्य वाटतो. मुलांचा हक्क असा मागच्या दाराने काढून घेता येत नाही. पण एकाच वस्तीत दोन शाळा पोसायला एका शाळेपेक्षा जास्त पैसा लागतो, ही सरकारची अडचण खोटी नव्हती. ती अडचण सरकारने मुलांवर ढकलली, तिजोरीवर घेतली नाही. पेनसिल्व्हेनियानेही दुसरं काही केलेलं नाही.

कारण तिथेही भरपाई एकेकाळी होती. चार्टरवर होणाऱ्या खर्चातला काही वाटा राज्य डिस्ट्रिक्टना परत देई; २०१०-११ साली ही रक्कम सुमारे २२ कोटी ४० लाख डॉलर होती. गव्हर्नर टॉम कॉर्बेट यांनी २०११ च्या अर्थसंकल्पात ती ओळच काढून टाकली. त्यानंतर सहा महिन्यांतच चेस्टरची तिजोरी रिकामी झाली. २०२४ साली सायबर चार्टरपुरती १० कोटींची भरपाई परत आली, तेव्हा सायबर चार्टरना डिस्ट्रिक्टकडून जाणारी रक्कम वर्षाला १०० कोटी डॉलरच्या वर गेली होती.

दुसऱ्या राज्यांनी मात्र कायदे बदलले. कॅलिफोर्नियात चार्टरचा कायदा १९९२ चा. २७ वर्षं तिथल्या डिस्ट्रिक्टला नवी चार्टर शाळा मागणारा अर्ज आला की अभ्यासक्रम, कारभार, मुलांची सुरक्षा, सगळं तपासता येई. ही शाळा निघाली तर आपलं दिवाळं वाजेल का, एवढं मात्र विचारता येत नसे. लॉस एंजेलिसच्या आणि ओकलंडच्या शिक्षकांनी २०१९ च्या सुरुवातीला संप केले, त्यात हाही मुद्दा होता, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांच्या सहीने आर्थिक परिणाम तपासण्याचा अधिकार डिस्ट्रिक्टला मिळाला. मॅसॅच्युसेट्सनेही त्याच वर्षी आपलं भरपाईचं सूत्र दुरुस्त केलं: पहिल्या वर्षी शंभर टक्के, दुसऱ्या वर्षी ६०, तिसऱ्या वर्षी ४०. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने यातलं कुठलं कलम उचलू नये असं चार्टरवाद्यांना वाटत असेल, तर ही खोट भरायचा पैसा कोणत्या शाळेतून काढायचा, ते त्यांनी तिचं नाव घेऊन सांगावं.